तात्यांनी कठडा पाडायला लावला

धर्माजी तात्या गवंडी होते. खालापूर तालुक्यात त्यांनी किती भिंती उभ्या केल्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "उभ्या किती ते इचारू नको. पडलेली एक दाखव."

पडलेली एकही नव्हती.

भिंत तपासायची त्यांची एक रीत होती. मधलं बोट वाकवून ते विटेवर टकटक करायचे आणि मान तिरपी करून ऐकायचे. मग दुसरी वीट. मग तिसरी. काळूराम हा त्यांच्या हाताखाली तयार झालेला पहिला गवंडी. तो म्हणायचा, "तात्या सासूवानी भिंत बघतात. बोलत काय नाय, पन खोट काढतात."

१९७७च्या दिवाळीनंतर तात्यांना दम लागू लागला. आधी शिडीवर. मग सपाट रस्त्यावर. मग बसल्या जागी. कर्जतच्या डॉक्टरांनी तपासून त्यांना मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं. परत आले तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"त्यानं छातीवर एक बोट ठेवलं आन् वरून दुसरं ठोकलं. मी करतो तसंच. मग बराच वेळ ऐकत बसला. माझ्या ध्यानात आलं, ही भिंत गेली."

ते हसले. मला हसता आलं नाही.

हृदयाची एक झडप आकसली होती. रक्त पुढं जायचं तिथं अडत होतं. ऑपरेशन करून ती मोकळी करायची. वीस जानेवारी ही तारीख मिळाली होती. खर्च नव्हता. पण आठ बाटल्या रक्त आपल्या माणसांनी आधी जमा करायचं होतं, अठरा तारखेच्या दुपारी बारापर्यंत. तसं झालं नाही तर तारीख जाणार, आणि पुढची उन्हाळ्यानंतर. उन्हाळ्यापर्यंत थांबू नका, असं डॉक्टरांनी चंद्राकाकींना बाजूला घेऊन सांगितलं होतं. काकी म्हणजे तात्यांची बायको. त्यांनी ते मला सांगितलं. तात्यांना सांगायची गरज नव्हती.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि नोकरी नव्हती. वस्तीत मला नावानं कुणी हाक मारत नसे. 'बीए' म्हणत. मी बी.ए. झालो तो तात्यांमुळे. अकरावीनंतरच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे घमेली उचलायला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं. म्हणाले, "तू माल सांडतोस आन् वर बघत बसतोस. कालिजात जा." माझ्या बापाशी बोलायला ते स्वतः आले. कल्याणच्या कॉलेजात नाव घालायलाही तेच बरोबर होते. चुना लागलेल्या चपला बाहेर काढून ते कचेरीत शिरले होते.

आठ बाटल्या आम्हाला अवघड वाटल्या नाहीत. वस्तीत तरणी माणसं खूप. आम्ही अकरा जण कर्जतहून गाडी धरून मुंबईला गेलो.

रक्तपेढीत आधी बोटाला सुई टोचतात. रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्याच्या ग्लासात टाकतात. थेंब बुडाला तर रक्त घेतात. तरंगला तर नाही. रक्त पातळ आहे, असं नर्स सांगते आणि पुढच्याला बोलावते.

काळूरामचा बुडाला. आणखी दोघांचे बुडाले. बाकी आठ थेंब निळ्या पाण्यावर तरंगत राहिले. त्यात विटा वाहणारे होते, खाणीत दगड फोडणारे होते. माझाही तरंगला.

"पुस्तकं हलकीच आसतात," काळूराम म्हणाला. मला सोडून दिवसभर राबणाऱ्या सात माणसांच्या अंगात एक बुडणारा थेंब नव्हता. हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पाच बाटल्या कमी होत्या. बारा दिवस उरले होते.

कॉलेजात असताना मी पूरग्रस्तांसाठी निघालेल्या फेरीत चाललो होतो. चौघांनी चादरीची चार टोकं धरायची, दारोदार जायचं. मी म्हटलं, आपणही फेरी काढू. पायी, गावोगाव. पैसे नकोत, रक्त देणारी माणसं हवीत. सगळ्यांना पटलं. मी बसून पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं असं मला वाटलं. छापायला देण्याआधी ते तात्यांना वाचून दाखवलं.

शेवटची ओळ अशी होती : 'आम्ही आपल्या दारी पदर पसरून उभे आहोत.'

तात्यांनी कागदाकडे बोट केलं. मग म्हणाले, "परत वाच."

मी वाचली.

"कुनाचा पदर?"

"तसं म्हणायची पद्धत असते, तात्या."

"मला म्हाईत हाय ती पद्धत. मी केलीय."

तेव्हा त्यांनी टोपल्याचं सांगितलं. मी ते आधी ऐकून होतो, पण त्यांच्या तोंडून नाही. छप्पन सालाआधी गावकीची कामं आमच्या लोकांकडे होती. त्याबद्दल घरटी भाकरी मिळायची. ज्याची पाळी असेल त्यानं संध्याकाळी टोपलं घेऊन निघायचं, अंगणाच्या कडेला उभं राहायचं आणि हाक द्यायची. भाकरी वरून पडायची. तात्या नवव्या वर्षापासून टोपलं धरत होते. बौद्ध झाल्यावर वस्तीनं ती कामं सोडली. टोपलं पहिल्यांदा तात्यांनी चुलीत घातलं. त्यानंतरचं वर्ष उपासाचं गेलं. मोठी माणसं म्हणू लागली की पुन्हा जाऊ. तात्या खोपोलीत एका कारखान्याच्या बांधकामावर हमाल होते. तिथल्या कच्छी मिस्त्रीच्या पायाशी बसून ते थापी धरायला शिकले होते. त्यांनी वस्तीतली सहा पोरं बरोबर नेली आणि गवंडी केली. त्या सहांनी पुढं आणखी केले. पुन्हा टोपलं निघालं नाही.

"आता माझ्या नावानं टोपलं काढतोस व्हय रं, बीए?"

"तात्या, रक्त लागणार आहे. मागितल्याशिवाय कोण देईल?"

"मग नको."

"तुमचा जीव जाईल."

"जाईल."

आतून चंद्राकाकींचा आवाज आला. "जाईल म्हनं. एकल्याचा हाय का तुमचा जीव? इचारा की आमाला."

तात्या गप्प झाले. काकींच्या आवाजापुढे ते नेहमीच गप्प व्हायचे. मग म्हणाले, "जायचं तर असं जा. थाप्या घ्या, ओळंबा घ्या. ज्या गावात जाल तिथं आधी गावाचं एक काम करा. इहीर, शाळा, जे मोडलं आसंल ते. काम झाल्यावर लोक इचारतील, कशापायी केलंत? मग सांगा. दिलं तर दिलं. नाय दिलं तर पाय उचला. पुन्यांदा तोंड घालू नका."

"सिमेंट कुठून आणायचं?"

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. तात्यांच्या घरात दोन पोती होती. स्वतःच्या घराच्या गिलाव्यासाठी त्यांनी ती सात-आठ महिने कागदात गुंडाळून ठेवली होती.

काकी म्हणाल्या, "न्या. सगळ्या तालुक्याच्या भिंती गुळगुळीत. आपल्या घरात पाली चढायला खडबडीत बऱ्या."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. नऊ माणसं आणि एक हातगाडी. गाडीवर सिमेंट, वाळूची पोती, घमेली. पुढे एक कापडी फलक. फलक गजा पेंटरनं रंगवला होता. गजा वस्तीतलाच. ग्रामपंचायतींच्या भिंतींवर पाट्या रंगवून तो पोट भरायचा. मी त्याला सांगितलं होतं, वर 'रक्तासाठी पदयात्रा' लिही, खाली लाल थेंब काढ. त्यानं काढला. मला तो थेंब थोडा वेगळा वाटला होता. पण फलक रंगवून वाळायला टाकलेला होता. मी तसाच राहू दिला.

पहिला दिवस खोपोलीत गेला. एका शाळेच्या पायऱ्या निखळल्या होत्या, त्या बसवल्या. दारादारांतून बायका तिळगूळ घेऊन आल्या.

"बीए, तिळगूळ घेतला तर हात पसरल्यासारखा व्हतो का?" काळूरामनं विचारलं.

"तू तोंड पसर," गजा म्हणाला.

संध्याकाळी कारखान्यातली पाळी सुटली. दोन कामगार थांबले. काम बघितलं, विचारलं. त्यांतल्या एकाला इस्पितळ माहीत होतं, भावाच्या वेळी त्यानं रक्त दिलं होतं. अठराला सकाळी थेट तिथं येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खालापूरला पाण्याच्या टाकीचा ओटा केला. कचेरीतून बाहेर पडलेला एक कारकून आमचा फलक बघून जोरात हसला. "परत आलात का तुम्ही? गेलं ना ते सरकार!" आम्हाला त्याचा अर्थ लागला नाही. तिथला चहावाला यायला तयार झाला. तीन झाले. दोन राहिले.

सतरा तारखेला पहाटेच निघालो. चौक मागं टाकून लोधिवलीला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. भाताची शेतं कापून मोकळी झाली होती. जमिनीतल्या ओलीवर वाल उभा होता. गावात शिरताना पुढं एक तरणा माणूस दिसला. त्यानं आमचा फलक बघितला. डोक्यावरचा भारा टाकला आणि शेतातून पळत सुटला. मग दुसरा. मग घराघरांच्या मागच्या दारांनी आणखी. पाच मिनिटांत गावात एक पुरुष उरला नाही.

एका ओटीवर एक बाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. पंचेचाळिशीची, आडव्या बांध्याची. तिचं नाव गोदूबाई. ती हलली नाही.

"आमचे बाप्ये गेले," ती म्हणाली. "आता मला कापता का काय करता?"

"कापायला नाही आलो, मावशी."

"मग ह्यो तिरकोन कशाला?"

मी वळून फलक बघितला. गजाचा थेंब वर रुंद होता आणि खाली टोकदार. बाजू सरळ. तो थेंब नव्हता. नसबंदीच्या पाट्यांवरचा लाल त्रिकोण होता. आणीबाणीत गजानं भिंतीभिंतींवर शेकड्यांनी त्रिकोण काढले होते. त्याच्या हाताला लाल रंग म्हणजे तेच वळण सापडत होतं.

काळूराम गजाच्या अंगावर धावला. "थेंब कवा बघितला नाय का रं तू? नळ गळतो तुझ्या घरी!"

"माज्या घरी नळ नाय," गजा म्हणाला.

गोदूबाई हसायला लागली. शेंगा मांडीवरून खाली पडल्या तरी हसत राहिली. मग उठून मागच्या दारी गेली आणि शेताकडे तोंड करून ओरडली, "धाऊ! ए धाऊ! ये माघारी! त्ये न्हवं ह्ये! गवंडी हायेत!"

धाऊ तिचा मुलगा. भारा टाकून पळालेला पहिला तोच. तो पेंढ्याच्या उडवीआडून निघाला तेव्हा दहा वाजले होते.

गावच्या पिण्याच्या विहिरीचा कठडा एका बाजूनं ढासळला होता. आम्ही तो घेतला. धाऊ आणि त्याचा शेजारी लडकू पडक्या बाजूच्या विटा वेचून साफ करू लागले. वेळ कमी होता. रक्त देणारी दोन माणसं मिळवून संध्याकाळच्या एस.टी.नं पनवेलकडे निघायचं होतं. काळूरामनं हात चालवला. त्याच्याइतका झपाट्याचा गवंडी आमच्याकडे नाही. दुपारी एकला कठडा उभा राहिला. वरून सुबक दिसत होता.

लडकूनं विचारलं, "आता सांगा, कशापायी?"

मी सांगितलं. साधं सांगितलं. एक गवंडी आहे, त्याची झडप आकसली आहे, दोन माणसं हवी आहेत.

धाऊ आणि लडकू एकमेकांकडे बघत राहिले. गोदूबाई म्हणाली, "जा रं. तासभर पळायला ताकद हाय, रगत द्यायला नाय?"

दोघे हो म्हणाले. पाच झाले. मी विहिरीशेजारी खाली बसलो.

तेवढ्यात रस्त्यावर दुपारची एस.टी. थांबली. तिच्यातून तात्या उतरले. मागून चंद्राकाकी, हातात पिशवी. उद्या इस्पितळात दाखल व्हायचं होतं, म्हणून तयारीनिशी आले होते. आम्हाला इथूनच बरोबर घेणार होते. रस्त्यापासून विहीर दोनशे पावलांवर. तात्या तीनदा थांबले. ओठ निळसर झाले होते.

"पाच झाले, तात्या!" काळूराम ओरडला.

तात्यांनी मान हलवली. ते कठड्याजवळ आले. बोट वाकवलं. टकटक केलं. पुढं सरकले. पुन्हा टकटक. गावकऱ्यांना कळेना काय चाललंय.

"इटा भिजवल्या व्हत्या का?" तात्यांनी विचारलं.

काळूराम खाली बघत राहिला.

कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते. मग सिमेंट धरत नाही. वरून दिसत नाही. पावसाळ्यात दिसतं. हे आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काळूरामलाही माहीत होतं. विटा भिजवायला दोन तास लागतात. त्यानं ते दोन तास वाचवले होते. आणि सिमेंट पुरावं म्हणून माल पातळ केला होता.

"पाडा," तात्या म्हणाले.

"तात्या, उद्या बारापर्यंत..." मी म्हणू लागलो.

"पाडा म्हटलं."

गोदूबाई पुढं आली. "राहू द्या ओ बाबा. काय वाईट हाय? कालच्यापरीस बराच हाय."

"बाई, कालचा पडका व्हता. पोरं भ्यायची, लांब ऱ्हायची. ह्यो उभा दिसतो. पोरं टेकून वाकतील."

गोदूबाई कठड्यापासून दोन पावलं मागं सरली.

काळूरामचे डोळे भरले होते. "तुमच्यासाठीच घाई केली," तो म्हणाला.

"ठावं हाय मला. म्हणून तर पाड."

मी तात्यांच्या जवळ गेलो. हळू आवाजात म्हणालो, "बस चुकली तर तारीख जाईल. काकींना डॉक्टर काय म्हणाले, तुम्हाला माहीत आहे."

"म्हाईत हाय."

"मग?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना श्वास पुरत नव्हता, म्हणून तुकड्यातुकड्यांनी बोलले. "काम करून मग सांगायचं, आसं ठरलं व्हतं. काम कुठं झालंय? आता ह्या दोघांना नेलं तर ते फुकटचं नेलं. टोपलं आन् ह्यात काय फरक ऱ्हायला?"

मी चंद्राकाकींकडे बघितलं. मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला.

काळूरामनं पहिली लाथ घातली. तीन तासांचं काम पाच मिनिटांत खाली आलं. इतक्या सहज आलं की बघणाऱ्यांतली एक म्हातारी छातीवर हात ठेवून खाली बसली.

लडकू चिडला. "आमी सकाळधरनं इटा साफ केल्या त्या कशाला? यांचं यांनाच कळत नाय!" म्हणत तो निघून गेला. पुन्हा चार झाले.

गोदूबाईनं घरातून हंडे आणले. बाकीच्या बायका आल्या. विटांवरचा ओला माल खरवडायचा आणि वीट हंड्यात सोडायची. काकी त्यांच्यात बसल्या. कोण कुठली, कुणी विचारलं नाही. सिमेंट मात्र संपलं होतं. मी ते तात्यांना सांगत असताना धाऊ उठून घरी गेला. गुरांच्या गव्हाणीसाठी ठेवलेलं अर्धं पोतं पाठीवर घेऊन आला.

तात्या आंब्याच्या सावलीत दगडावर बसले होते. थापीला त्यांनी हात लावला नाही. लावता येत नव्हता. ते फक्त बघत होते. अधूनमधून बोट वर करायचे आणि काळूराम वीट काढून पुन्हा बसवायचा. मी पाणी वाहिलं. साडेचारला विटा भिजून झाल्या, बांधायला घेतल्या. एकानं माल द्यायचा, दुसऱ्यानं वीट, तिघे बसवत होते. कुणी वेळ विचारत नव्हतं. मी एकटा सारखा रस्त्याकडे बघत होतो.

सव्वासहाला शेवटचा थर बसला. तात्या उठले. काळूरामचा हात धरून कठड्यापर्यंत आले. भिजलेली वीट टकटकीला बोलत नाही. त्यांनी ओळंबा मागितला, सोडला, दोरी थांबेपर्यंत थांबले.

"बरं झालंय," म्हणाले. मग गोदूबाईकडे वळून, "सात दिस पानी मारा. सकाळ-संध्याकाळ. उन्हाचं पेंढ्यानं झाका."

"थोरल्या सुनंला सांगते. मी येते तुमच्यासंगं."

"तुमी कशाला?"

"ह्यो सुई बघून पळाला तर धरायला कोण?"

धाऊ लाजला. सगळे हसले. रस्त्यावर एस.टी.चा आवाज आला आणि हातगाडी विहिरीपाशीच सोडून आम्ही धावलो. तात्यांना काळूरामनं पाठुंगळी घेतलं. गाडीत चढलो तर पुढच्या बाकावर लडकू बसलेला. धुतलेला सदरा, केसांना तेल. तो मागच्या थांब्यापर्यंत चालत गेला होता.

"मी कवाचा बसलोय," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तुमचं काय, पाडता, बांधता."

रात्र आम्ही पनवेलला एस.टी. स्टँडवर काढली. सकाळी दहाला इस्पितळात होतो. खोपोलीचे दोघे आले होते. खालापूरचा चहावालाही आला होता. त्यांचे थेंब बुडाले. लडकूचा बुडाला. धाऊचा नंबर आला. नर्सनं बोटाला सुई लावली मात्र, धाऊ उभ्या जागी खाली आला.

पाणी मारून त्याला बाकावर निजवलं. नर्स म्हणाली, याचं घेता येणार नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. मी काळूरामकडे बघितलं. आमच्याकडे दुसरं माणूस नव्हतं.

गोदूबाई लेकाच्या उशाशी बसली होती. ती उठली. बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात टेबलावर ठेवला.

"बायांचं चालतं का ओ?"

"चालतं."

"मग बघा. वासरागत पडलाय त्यो. त्याची आई हाय मी."

थेंब निळ्या पाण्यात पडला आणि दगडासारखा तळाला गेला. नर्सनं वर बघितलं. "काय खाता, बाई?"

"वाल," गोदूबाई म्हणाली.

वीस तारखेला ऑपरेशन झालं. चार तास लागले. आठही बाटल्या जमा होत्या. झडप मोकळी झाली. दोन दिवस तात्या शुद्धीवर आणि ग्लानीत आलटूनपालटून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. ओठांचा निळा रंग गेला होता. मी दारात उभा राहून तो पुन्हा पुन्हा बघत होतो.

नवव्या दिवशी गोदूबाई आली. लोधिवलीहून एकटी, दोन गाड्या बदलून. फडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा होत्या. नर्सनं त्या तात्यांना द्यायला मनाई केली, तेव्हा तिनं त्या मला दिल्या.

तात्या तिला बघून उठायला लागले. मी त्यांना धरलं.

"झोपा," ती म्हणाली. "आमी काय सायब हाओत?"

तिला स्टूल दिलं. ती बसली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट खोकत होता.

मग तात्या म्हणाले, "बाई, तुमचं कायतरी केलं पाह्यजे. घरात काय मोडलं हाय का? भिंत, चूल, मोरी? मी उठलो की येतो."

"काय मोडलं नाय."

"आसं कसं? तुमी रगत दिलं."

"तुमी कठडा दिला की."

"त्यो गावाला दिला."

"व्हय. गावाला दिला. आन् ह्ये गावानं न्हाय दिलं. मी दिलं." ती पदरानं कपाळ पुसत म्हणाली. "घरी पावना आला तर त्याला च्या देतो आमी. मोरी बांध म्हणत नाय."

तात्या बोलायला गेले. तिनं हात वर केला. "गप पडा. टाका हाय छातीला."

मी वाट बघत होतो. मला माहीत होतं, ते काहीतरी ठरवतील. एखादी भिंत, एखादा ओटा, काहीतरी. तेवीस वर्षांत मी त्यांना कुणाकडून सुपारीचं खांडही फुकट घेताना बघितलं नव्हतं.

ते छताकडे बघत पडून राहिले. डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"बरं," तात्या म्हणाले.

गोदूबाई आणखी थोडा वेळ बसली. तिनं धाऊच्या लग्नाचं सांगितलं, वाल यंदा बरा आल्याचं सांगितलं. तात्या ऐकत होते. मग गाडीची वेळ झाली म्हणून ती उठली, आणि मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेलो.